दुकानांसमोरची वाहने आमचीच होती

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नागपुरातील बाजाराच्या रस्त्यांचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. मॉल आणि मोबाइलवरची खरेदी यांनी दुकाने बसवली, ही पहिली. आणि महानगरपालिका लक्ष देत नाही, ही दुसरी. महाल या जुन्या वस्तीत, बडकस चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका बाजाराच्या रस्त्यावर, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर मी लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे अडतीस वर्षे राहते आहे, आणि या दोन्ही तक्रारी मीही तितक्याच आवेशाने करीत आले. गेल्या वर्षभरात आमच्या रस्त्यावरील रहिवाशांनी आणि दुकानदारांनी मिळून जे काही केले, त्यात या रस्त्याच्या दुरवस्थेतील आमचा स्वतःचा वाटा आम्हाला प्रथमच दिसला. तो दिसल्यावर काय करता आले आणि काय जमले नाही, हे इतर पेठांमधील वाचकांसमोर आणि महानगरपालिकेसमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नागपुरात बाजार किती खोल मुरलेला आहे, हे पेठांच्या नावांवरूनच कळते. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही सारी नावे आठवडी बाजाराच्या वारांची आहेत. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या या शहराला भोसल्यांच्या काळात राजधानीचे रूप आले, राजवाड्याभोवती महालाची वस्ती दाट झाली आणि खाली दुकान, वर घर अशी येथील घरांची घडण रूढ झाली. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आमच्या रस्त्यावरील सर्वांत ज्येष्ठ किराणा दुकानदार सांगतात की, त्यांच्या वडिलांची उधारीची वही मिलच्या पगाराच्या तारखेवर चालत असे. पगार झाला की त्याच संध्याकाळी वहीतील नावे कापली जात आणि कापडाच्या दुकानात उभे राहायला जागा नसे. ती मिल २००२ साली कायमची बंद झाली आणि पुढे तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मोबाइलवर सामान मागवण्याची सवय त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. त्यामुळे आमच्या रस्त्याची उतरती कळा मोबाइलपासून सुरू झाली हे म्हणणे मला पटत नाही. रोख मजुरी हाती घेऊन पायी येणारा गिऱ्हाईक गेला, तेव्हाच ती सुरू झाली होती आणि नंतरच्या प्रत्येक धक्क्याने ती वाढत गेली.

त्यातील सर्वांत अलीकडचा धक्का मार्च २०२५ चा. महालात हिंसाचार झाला आणि संचारबंदी लागू झाली. त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला होती, म्हणजे वर्षातील मोठ्या खरेदीच्या ऐन दिवसांत शटरे खाली होती. संचारबंदी उठल्यावरही माणसे येईनात. गाठ्या विकणाऱ्या दुकानात साखरेच्या माळा तशाच टांगलेल्या होत्या आणि समोरच्या बांगड्यांच्या दुकानात ईदसाठी भरलेल्या मालाची खोकी उघडलेलीही नव्हती. हे दोन्ही दुकानदार वेगवेगळ्या धर्मांचे आहेत, तीस वर्षांचे शेजारी आहेत आणि दोघेही आपापल्या पायरीवर रिकामे बसलेले मी गॅलरीतून पाहत होते. त्या संध्याकाळी आम्ही पाच-सहा घरांतील बायका ठरवून खाली उतरलो, दोन्ही दुकानांतून खरेदी केली आणि अंधार पडेपर्यंत रस्त्यावरच बोलत उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी आणखी काही घरांतील माणसे आली. किराणा दुकानदार काकाजी तेव्हा म्हणाले, “तुम्ही सामान नाही घेतलं तरी चालते, फक्त खाली येऊन उभ्या राहत जा. माणूस दिसला की माणूस येते.” पुढच्या साऱ्या कामाची सुरुवात तेथून झाली.

त्या गप्पांतच एक साधा प्रश्न पुढे आला. उभे राहायचे तरी कुठे? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्यांना चिकटून दुचाकी आणि चारचाकी उभ्या होत्या आणि उरलेल्या पट्ट्यातून ऑटो आणि मालाचे छोटे टेम्पो वाट काढत होते. दुकानदारांचे म्हणणे असे की, ही वाहने गिऱ्हाइकांची आहेत, ती हटवली तर गिऱ्हाईकही हटेल. हे खरे आहे का, हे पाहावे म्हणून आमच्या गल्लीतील महाविद्यालयात शिकणारी दोन मुले आणि मी एप्रिलमध्ये सलग तीन दिवस वाहनांची नोंद केली. पद्धत अगदी साधी होती. प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि ते कोणत्या दुकानासमोर आहे, एवढे वहीत लिहायचे. दर दोन तासांनी पुन्हा फेरी मारायची आणि जे वाहन तीन फेऱ्यांत त्याच जागी आढळेल त्यापुढे फुली करायची. सामान घेण्यास आलेला माणूस चार तास थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी वही उलगडली तेव्हा फुल्या झालेली वाहने निम्म्याहून अधिक होती. त्यातील बरीचशी वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या आम्हा रहिवाशांची होती आणि उरलेली दुकानदारांची व त्यांच्याकडील नोकरांची. माझ्या मुलाची चारचाकी त्यात होती. कापडी आवरण घालून ती घड्याळदुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या दुकानासमोर आठवडाभर उभी असे आणि रविवारी हलत असे. त्या कारागिराचे दुकान जेमतेम सहा फूट रुंद आहे. गाडीमागे ते दिसतही नव्हते. शेजाराला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नाही आणि मलाही ते कधी सुचले नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

यानंतर देवळाच्या सभामंडपात बैठक झाली आणि ती सुरळीत झाली असे मी म्हणणार नाही. आवाज चढले, जुन्या भाडेतंट्यांची उणीदुणी निघाली, दोन जण उठून गेले. तरीही वहीतील आकडे आमच्याच हातचे असल्यामुळे ते कोणाला नाकारता येईनात. चार दुकानदारांनी आठवडाभर आपल्या गिऱ्हाइकांना “कसे आलात?” एवढेच विचारायचे मान्य केले. बहुतेक जण पायी येणारे किंवा दहा-पंधरा मिनिटांसाठी दुचाकी लावणारे निघाले. त्यावरून व्यवस्था ठरली. दुचाकी थोडा वेळ लावण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही टोकांना जागा ठेवायची, दिवसभर उभी राहणारी वाहने रस्त्यावरून काढायची आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत मधल्या भागात कोणीही वाहन उभे करायचे नाही. जागेचा प्रश्न एका जुन्या वाड्याच्या चौकाने सोडवला. वाड्याचे वारस दुसऱ्या शहरात असतात आणि दार कुलूपबंद होते. अकरा महिन्यांचा लेखी करार केला, झाडझूड आणि दिव्याची जबाबदारी आम्ही घेतली आणि प्रत्येक वाहनामागे ठरलेली मासिक रक्कम वारसांना देऊ लागलो. चारचाक्या त्या दारातून आत जात नाहीत. त्या आता दूरच्या भाड्याच्या जागेत उभ्या राहतात आणि आमच्या घरातील माणसे तेवढे अंतर चालतात. एका कुटुंबाने गाडी हलवलेली नाही. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत, त्यांची अडचण खरी आहे, आणि त्यांच्यासाठी दारासमोरची जागा आम्ही सर्वांनी मिळून राखून ठेवली आहे.

या व्यवस्थेची पहिली खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला झाली. लाकडी बैल घेऊन लहान मुले दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागत फिरतात, ही नागपूरची मोठी हौसेची प्रथा. पण वाहनांच्या भीतीने आमच्या रस्त्यावर ती मुले अलीकडे आईवडिलांचे बोट सोडत नसत. त्या संध्याकाळी रस्ता मोकळा होता, प्रत्येक दुकानदाराने पायरीवर बोजारा ठेवला होता, आणि मुलांबरोबर आलेल्या मोठ्या माणसांनी सहज म्हणून केलेली खरेदी पाहून, बैठकीतून उठून गेलेल्यांपैकी एक दुकानदार दुसऱ्या दिवशी स्वतःहून आपली दुचाकी वाड्यात लावून आले.

फेरीवाल्यांच्या बाबतीत मात्र माझी स्वतःची मते बदलावी लागली, हे नमूद करणे आवश्यक वाटते. रस्ता मोकळा करायचा म्हणजे हातगाड्या हटवायच्या, असे बैठकीत अनेकांनी म्हटले आणि सुरुवातीला मलाही ते पटले होते. पण एका निवृत्त वकिलांनी पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा वाचून दाखवला. त्या कायद्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही; शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला; शिवाय सर्वेक्षण किमान दर पाच वर्षांनी करायचे असते. कायद्यापेक्षाही मोठा मुद्दा कापड दुकानदाराने मांडला. त्यांच्या दुकानात एखादे कुटुंब वर्षातून दोन-तीनदा येते, पण भाजी घ्यायला तेच कुटुंब रोज खाली उतरते. भाजीवाली उठून गेली तर रस्त्यावरचा रोजचा राबताच संपेल. त्यांचे दुकान साडेअकराला उघडते. म्हणून त्यांनी आपल्या बंद शटरसमोरची जागा सकाळी अकरापर्यंत दोन भाजीवाल्यांना दिली; संध्याकाळी त्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या कोऱ्या भिंतीलगत बसतात. चुन्याने आखलेल्या चौकोनांत बसायचे, ओला कचरा स्वतःच्या टोपलीत ठेवायचा आणि जागा इतर कोणाला भाड्याने द्यायची नाही, एवढ्याच अटी आहेत. तर्री-पोह्यांचा ठेलाही असाच सकाळपुरता आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेत विक्रेत्यांना पहिल्या टप्प्यात दहा हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू लागले, हे या बायकांना ठाऊक होते. त्यांच्याजवळ कागदपत्रे नव्हती. ती जुळवून देण्याचे काम आमच्या गल्लीतील बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी हाती घेतले आहे.

बंद शटरांचा प्रश्न वाहनांपेक्षा बराच अवघड निघाला, आणि येथे मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण वर्तमानपत्रांतून या बाजूविषयी फारसे वाचायला मिळत नाही. आमच्या रस्त्यावरील बहुतेक गाळे जुन्या भाडेकरूंकडे आहेत आणि भाडी कित्येक ठिकाणी इतकी कमी आहेत की महिन्याच्या भाड्यात एक चांगला दिवा येणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार भाडे दरवर्षी चार टक्के वाढवता येते; मुळात भाडेच नाममात्र असेल तर चार टक्क्यांनी मालकाच्या हाती काय पडणार? दुरुस्ती करून देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने ते केले नाही, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. शंभर-दोनशे रुपये भाडे असलेल्या गाळ्याच्या छताची दुरुस्ती या हिशेबाने कित्येक पिढ्यांनंतर फिटेल. त्यामुळे मालक हात लावत नाही, भाडेकरूला परवडत नाही, तुळया कुजतात, धंदा मंदावला की भाडेकरू कुलूप लावून निघून जातो आणि हक्क जाईल या भीतीने किल्ली मात्र परत देत नाही. दोन्ही बाजू अशा अडून राहिल्याने शटर दहा-दहा वर्षे खाली राहते.

आम्ही एवढेच करू शकलो की, तीन गाळ्यांच्या बाबतीत मालक आणि भाडेकरू यांना त्या निवृत्त वकिलांसमोर बसवले. दोन ठिकाणी लेखी समझोता झाला: दुरुस्तीचा खर्च दोघांनी अर्धा-अर्धा करायचा, नवे भाडे दोघांना मान्य होईल असे ठरवायचे आणि भाडेकरूचा हक्क कायम ठेवायचा. तिसऱ्या ठिकाणी प्रकरण आधीच न्यायालयात असल्याने काहीच झाले नाही. रिकाम्या गाळ्यांचे मालक असलेल्या आम्हा तीन रहिवाशांवर तर कोणाच्या हक्काचेही बंधन नव्हते. माझ्या घराखालचा गाळा माझ्या सासऱ्यांच्या निधनापासून अडगळीची खोली झाला होता. जुने पलंग, कूलरची पत्र्याची खोकी आणि कोणालाही नको असलेली पुस्तके त्यात होती. तो रिकामा करून, रंगवून, पहिले सहा महिने अल्प भाड्याने एका ताईंना दिला. त्या साड्यांना फॉल-पिको करतात आणि ब्लाउज शिवतात. पूर्वी त्या घरी काम करीत आणि रस्त्यावरील साडीचे दुकान त्यांच्याकडे काम पाठवीत असे. आता गिऱ्हाईक साडी घेते आणि चार पावलांवर ती फॉलला टाकते, त्यामुळे दोन्ही दुकानांचे काम वाढले.

उन्हाळा हा नागपूरच्या बाजाराचा जुना शत्रू. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की सकाळी अकरापासून सूर्यास्तापर्यंत रस्ता सामसूम होतो. शहरातील काही चौकांत सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधतात, ते पाहून आम्ही समोरासमोरच्या गॅलऱ्यांमधून तशीच जाळी ताणून बांधली. उंची साडेचार मीटरच्या वर ठेवली, म्हणजे टेम्पो आणि अग्निशमनाची लहान गाडी खालून जाऊ शकेल, आणि सुटसुटीत गाठी मारल्या, म्हणजे वादळ आले तर पाच मिनिटांत उतरवता येईल. पाणपोईचे रांजण मुलांनी रंगवले. दिवाळीपूर्वी एका जुन्या पेंटरकडून काही दुकानांचे फलक हाताने रंगवून घेतले. ही कामे सोपी होती, लोकांना आवडली, त्यांची छायाचित्रे निघाली. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

पावसाळ्याने मात्र आमची मर्यादा दाखवली. काही वर्षांपूर्वी रस्त्याचे सिमेंटीकरण करताना जुना थर न खोदता त्यावरच नवा थर ओतण्यात आला आणि रस्ता दुकानांच्या पायऱ्यांपेक्षा उंच झाला. शहरातील अनेक भागांतील वाचकांना हा अनुभव असेल. जुलैमधील एका रात्रीच्या पावसात पिठाच्या चक्कीत आणि रद्दीच्या दुकानात घोटाभर पाणी शिरले. आमच्यातील एका गवंडीकाम करणाऱ्या दादांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने प्रत्येक पायरी आणि रस्ता यांच्या उंचीतील फरक मोजला, मुलांनी त्याचा नकाशा काढला आणि संबंधित कार्यालयात दिला. एक अभियंता स्वतः येऊन पाहून गेले आणि सर्वांत सखल ठिकाणी जाळीची दोन चेंबरे बसली, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. पण उरलेल्या रस्त्याचा उतार आजही दुकानांकडे आहे, आणि तो उतार बदलणे रहिवाशांच्या हातात नाही.

खरेदीविषयी स्पष्टच लिहिते. बाजार जगावा असे म्हणणाऱ्या घरांमध्ये, माझ्यासकट, किराणा मोबाइलवरून येत होता. मोबाइलवरची खरेदी सोडून द्या असे आम्ही कोणाला सांगितले नाही. ते कोणी ऐकलेही नसते. प्रत्येक घराने महिन्याच्या खरेदीतील एखादी गोष्ट कायमची या रस्त्यावर आणावी, एवढेच सुचवले. कोणी तेल आणि डाळी आणल्या, कोणी शाळेच्या वह्या, कोणी शिवणकाम. त्याच बैठकीत आम्ही दुकानदारांनाही आमच्या तक्रारी सांगितल्या आणि त्या त्यांनी शांतपणे ऐकल्या: किमती लिहिलेल्या नसतात, बदलून देताना कुरकुर होते, दुपारी दुकान केव्हा बंद असेल याचा नेम नसतो, एकट्या मुलीला नीट उत्तर मिळत नाही. आता बहुतेक दुकानांवर उघडण्या-मिटण्याच्या वेळा लिहिलेल्या आहेत, ज्येष्ठांच्या घरी फोनवर सांगितलेले सामान संध्याकाळी पोहोचते आणि वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडण्याची जुनी सोय दोन-तीन घरांनी पुन्हा सुरू केली आहे.

वर्षभराचा जमाखर्च असा की, आम्ही मोजले तेव्हा नऊ शटरे बंद होती. त्यातील चार उघडली आणि एक पुन्हा बंद झाले. घड्याळदुरुस्तीच्या कारागिरांनी दिवाळीनंतर दुकान सोडले. त्यांच्या पायरीसमोरची गाडी निघून सहा महिने झाले होते, दुकान रस्त्यावरून स्पष्ट दिसत होते, पण तोपर्यंत त्यांचे गिऱ्हाईक तुटले होते आणि डोळेही साथ देत नव्हते. गाडी हलवण्यास आम्ही फार उशीर केला, असे मला वाटते. दुसरी चिंता वेगळी आहे. रस्ता बरा दिसू लागताच दोन मालकांनी नव्या भाडेकरूंकडे आधीच्या दुप्पट भाडे मागितल्याचे समजले. भाडे इतके वाढले की चक्की, रद्दी, कल्हई अशी दुकाने प्रथम उठतील आणि त्यांच्या जागी आम्हाला रोज न लागणारी दुकाने येतील. या मालकांशी आमचे बोलणे चालू आहे; त्यातील एक जण आमचेच नातेवाईक आहेत.

इतर शहरांत काय झाले हे आम्ही पाहिले. दिल्लीच्या चांदणी चौकाचा पुनर्विकास होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये तो रस्ता नव्या रूपात खुला झाला आणि तेथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी करण्यात आली. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग केवळ चालणाऱ्यांसाठी ठेवतात. चांदणी चौकाइतका पैसा आमच्या रस्त्यावर कोणी खर्च करावा अशी आमची अपेक्षा नाही. परंतु पुण्याप्रमाणे एका दिवसाचा अधिकृत प्रयोग नागपूरच्या एखाद्या पेठेत करणे महानगरपालिकेला आणि वाहतूक पोलिसांना सहज शक्य आहे, आणि त्यासाठी तान्ह्या पोळ्याइतका योग्य दिवस मला दुसरा दिसत नाही. आमची संध्याकाळची व्यवस्था आज केवळ शब्दावर चालते. बाहेरून आलेल्या वाहनचालकाने ऐकले नाही, तर आमच्याकडे हात जोडण्यापलीकडे उपाय नाही.

महानगरपालिकेकडे आमची मागणी सुशोभीकरणाची नाही. शोभेचे खांब आणि फरशांवर खर्च करण्याआधी या परिसरात स्त्रियांसाठी स्वच्छ आणि रात्रीपर्यंत उघडे राहणारे स्वच्छतागृह द्यावे. खरेदीला आलेली बाई तासाभरात घरी परतते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आणि दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या पाणी पिणे टाळतात, हे त्यांनीच मला सांगितले आहे. रस्त्याचे पुढचे काम निघेल तेव्हा आधीचा थर खरवडून काढल्याशिवाय नवा ओतू नये आणि उतार दुकानांपासून दूर ठेवावा. आमचा नकाशा तयार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तेवढी जागा निघणार नाही, हे आम्हाला कळते, पण एका बाजूला ती निघते, आणि केव्हा कोठे निघते हे मोजून देण्याची आमची तयारी आहे. चुन्याने आखलेले विक्रेत्यांचे चौकोन पथविक्रेता समितीने पाहावेत, योग्य वाटल्यास अधिकृत करावेत आणि न वाटल्यास विक्रेत्या बायकांना समोर बसवून बदलावेत.

शेवटची विनंती पाहणीच्या वेळेविषयी आहे. आमच्या रस्त्यावर आजवर झालेल्या पाहण्या सकाळी दहा-अकराच्या सुमारास झाल्या. त्या वेळी निम्मी शटरे उघडलेली नसतात, भाजीवाल्या उठण्याच्या बेतात असतात आणि रस्ता पाहणाऱ्याला तो रिकामाच वाटतो. यापुढे कोणताही आराखडा करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी कृपया संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत यावे आणि वाहन टोकाला ठेवून या रस्त्यावरून एकदा पायी जावे. चक्कीवाले, साडीवाले, फॉल-पिको करणाऱ्या ताई आणि आम्ही रहिवासी त्या वेळी तेथेच असतो. वाहनांच्या नोंदीची वही आणि पायऱ्यांच्या उंचीचा नकाशा किराणा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेला आहे. तो केव्हाही पाहता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
महाल, नागपूर